पेटीवर १६५, पडद्यावर ६०

जळगावच्या गोलाणी मार्केटातून किंवा धुळ्याच्या आग्रा रोडवरून नवा मॉनिटर घरी येतो. पेटीवर ठळक आकड्यांत १६५ हर्ट्झ. कॉलेजातला मुलगा तो जोडतो, गेम सुरू करतो आणि अर्ध्या तासात मित्राला फोन लावतो, "भो, फरकच नाही रे काही. जुन्यासारखंच दिसतंय." मित्राकडे उत्तर तयार असतं, "ग्राफिक्स कार्ड बदल." रात्री जेवताना वडिलांसमोर आणखी वीस-पंचवीस हजारांची मागणी येते.

वडिलांनी पाकीट काढण्याआधी पाच मिनिटं मशिनसमोर बसावं. विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, मग सिस्टिम, मग डिस्प्ले, आणि तिथं खाली ॲडव्हान्स्ड डिस्प्ले. रिफ्रेश रेटसमोर पुष्कळदा ६० लिहिलेलं सापडतं. मॉनिटर सेकंदाला १६५ वेळा चित्र बदलायला तयार असतो, पण तसं त्याला कुणी सांगितलेलंच नसतं. यादीतून १६५ निवडलं की काम झालं, एक रुपयाही न लागता.

यादीत १६५ नसेलच, तर कॅबिनेट फिरवून मागची बाजू पाहायची. वर, यूएसबीच्या शेजारी एचडीएमआयची एक जागा असते, ती मदरबोर्डची. ग्राफिक्स कार्डाच्या जागा बऱ्याच खाली, आडव्या पट्टीत असतात. घाईत वायर वरच्या जागेत खोचली जाते. मग प्रोसेसरमधलं लहानसं ग्राफिक्स पडदा चालवतं, आणि महागडं कार्ड एकतर रिकामं बसतं किंवा त्याचं चित्र आडवाटेनं फिरून येतं. प्रोसेसरात ग्राफिक्सची सोय नसेल तर पडदा काळाच राहतो, म्हणजे चूक लगेच कळते. सोय असली की महिनोन्‌महिने कळत नाही.

एवढं करूनही समाधान झालं नाही, तर मात्र आत काय चाललंय ते समजून घ्यावं लागेल.

दोन आकडे, दोन मालक

हर्ट्झ हा मॉनिटरचा आकडा. पडदा सेकंदाला किती वेळा नव्यानं रंगवला जातो, ते तो सांगतो. ६० हर्ट्झला दर १६.७ मिलिसेकंदांनी, १६५ ला दर ६ मिलिसेकंदांनी. (एक मिलिसेकंद म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग.) दुसरा आकडा एफपीएस, म्हणजे फ्रेम्स पर सेकंद. तो ग्राफिक्स कार्डाचा: सेकंदाला किती नवी चित्रं तयार झाली. दुकानात हे दोन्ही आकडे एका दमात उच्चारले जातात आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो.

जळगाव-धुळे रस्त्यावरची एसटी आठवा. ती वेळापत्रकानं सुटते. फलाटावर प्रवासी असोत वा नसोत, वेळ झाली की निघाली. मॉनिटर असाच ठरलेल्या वेळी निघतो, आणि कार्डानं बनवलेल्या फ्रेम म्हणजे त्याचे प्रवासी. कार्ड सेकंदाला ७० फ्रेमच देत असेल आणि मॉनिटर १६५ चा असेल, तर निम्म्याहून जास्त गाड्या नवा प्रवासी न घेताच सुटतात, म्हणजे पडद्यावर आधीचंच चित्र पुन्हा रंगवलं जातं. उलट मॉनिटर ६० चा आणि कार्ड ३०० फ्रेम देणारं असेल, तर बहुतेक प्रवासी फलाटावरच राहतात. पेटीवरचा आकडा फक्त गाड्यांची संख्या सांगतो. प्रवासी किती येणार हे त्या पेटीला माहीत नसतं.

६० आले कुठून?

अमेरिकेतली वीज ६० हर्ट्झची. तिथल्या टीव्हीचं चित्रही सुरुवातीला त्याच ठेक्यावर बांधलं गेलं. आपली वीज ५० हर्ट्झची. भुसावळजवळच्या दीपनगरच्या औष्णिक केंद्रातून निघते तीही तीच. म्हणून दूरदर्शनचं चित्र ६२५ ओळींचं आणि सेकंदाला ५० अर्ध्या चित्रांचं, म्हणजे २५ पूर्ण चित्रांचं होतं. पण संगणक आला अमेरिकेतून, येताना ६० घेऊन. आयबीएमनं १९८७ मध्ये आणलेल्या व्हीजीएमध्ये ६४० बाय ४८० चं चित्र ६० हर्ट्झवरच चालायचं. आजच्या मॉनिटरला भिंतीतल्या ५० शी काही देणंघेणं नाही, आत शिरताच त्या विजेचं डीसी होतं. तरी ६० ची सवय गेली नाही.

इथे एक शंका हमखास येते. सिनेमा तर २४ फ्रेमचा असतो, तो कुठे अडखळतो? जत्रेतल्या तंबूत पाहिलेला सिनेमासुद्धा सुरळीत वाटायचा. त्याची कारणं दोन. प्रोजेक्टरसमोर फिरणारी झडप प्रत्येक चित्र दोनदा किंवा तीनदा दाखवते, त्यामुळे सेकंदाला ४८ किंवा ७२ वेळा उजेड पडतो आणि लुकलुक जाणवत नाही. शिवाय कॅमेऱ्यात प्रत्येक चित्र टिपताना झडप थोडा वेळ उघडी असते, तेवढ्या वेळात धावणारा घोडा चित्रावर किंचित फासला जातो. हे फासणंच डोळ्याला हालचालीचा भास देतं. (फाळक्यांनी १९१३ मध्ये 'राजा हरिश्चंद्र' पडद्यावर आणला तेव्हा कॅमेऱ्याचा दांडा हातानं फिरवत. २४ चा आकडा पक्का झाला तो बोलपटांमुळे, कारण आवाजाला एकसारखा वेग लागतो.)

गेममधली प्रत्येक फ्रेम मात्र कोरीव, गोठलेली असते. आणि सिनेमात आपला हात नसतो. गेममध्ये माउस हलवला की नजर वळलीच पाहिजे. ती उशिरा वळली तर डोळ्याआधी हाताला कळतं. २४ वर तर गेम हाताला जड लागते.

एक फ्रेम तयार होताना

सुरुवात ग्राफिक्स कार्डापासून होत नाही. आधी प्रोसेसर हिशोब करतो: कोण कुठे उभं आहे, गोळी लागली की चुकली, दार उघडं आहे का, या क्षणी काय काय दिसायला हवं. ती यादी तो कार्डाकडे देतो. कार्ड प्रत्येक वस्तूचे छोटे छोटे त्रिकोण पडद्यावर बसवतं, कोणता पिक्सेल कोणत्या त्रिकोणात पडतो ते ठरवतं आणि मग ऊन, सावली, प्रतिबिंब यांचा हिशोब करून प्रत्येक पिक्सेलला रंग देतं.

फुल एचडी पडद्यावर १९२० गुणिले १०८० म्हणजे २०,७३,६०० पिक्सेल असतात. १६५ फ्रेम हव्या असतील तर सेकंदाला ३४ कोटींहून जास्त पिक्सेल रंगवायचे, आणि हे किमान काम झालं, कारण एकाच पिक्सेलचा हिशोब कित्येकदा पुन्हा करावा लागतो. २५६० बाय १४४० च्या पडद्यावर पिक्सेल ३६,८६,४००. फोर-केवर ८२,९४,४००, म्हणजे फुल एचडीच्या बरोबर चौपट. "फोर-के पण हवा आणि १६५ पण हवं" हे वाक्य म्हणूनच महाग पडतं.

प्रोसेसर आणि कार्ड या दोघांपैकी कमी कोण पडतंय ते घरीच पाहता येतं. गेममध्ये रिझोल्यूशन एकदम खाली आणायचं. एफपीएस उडी मारून वाढलं तर कार्ड दमत होतं. आकडा जागचा हलला नाही तर अडचण प्रोसेसरपाशी किंवा रॅमपाशी आहे आणि नव्या कार्डानं काही होणार नाही. व्हॅलोरंटसारख्या हलक्या, चपळ गेममध्ये प्रोसेसर आधी हात टेकतो. मोठी दृश्यं दाखवणाऱ्या कथाप्रधान गेममध्ये कार्ड.

रॅमची गंमत पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. बेतात बसवलेल्या मशिनमध्ये रॅमची एकच पट्टी असते. तेवढीच रॅम दोन पट्ट्यांत विभागून योग्य खाचांत लावली तर प्रोसेसरला एकाच वेळी दोन चॅनलांतून माहिती मिळते, आणि प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सवर खेळणाऱ्यांना हा फरक तर नुसत्या डोळ्यांनी दिसतो. बायोसमध्ये एक्सएमपी किंवा एक्स्पो नावाची सोय बंद राहिली तर महागडी रॅमही कमी वेगानं चालत राहते.

सेटिंगमध्ये सगळं 'अल्ट्रा'वर टाकायची हौस आवरावी. सावल्या, प्रतिबिंबं आणि रे ट्रेसिंग ही सगळ्यात खादाड मंडळी. सावल्या 'अल्ट्रा'वरून 'मीडियम'वर आणल्या तर पळता पळता कुणाच्या लक्षातही येत नाही, एफपीएसच्या मात्र येतं.

वायरीचा हिशोब

चित्र तयार झालं, आता ते मॉनिटरपर्यंत पोचायला हवं. एका पिक्सेलच्या रंगाला साधारण २४ बिट लागतात. फुल एचडी चित्र सेकंदाला १४४ वेळा पाठवायचं तर सव्वासात गिगाबिटच्या आसपास माहिती होते. जुन्या एचडीएमआय १.४ मध्ये हे कसंबसं मावतं, पण पुष्कळ जुने मॉनिटर त्या जागेतून ६० किंवा ७५ च घेतात.

२५६० बाय १४४० आणि १६५ हर्ट्झचा हिशोब १४.६ गिगाबिटवर जातो. एचडीएमआय २.० ची क्षमता १८ गिगाबिट सांगतात, पण त्यातली चित्राच्या वाट्याला येणारी १४.४ च. एवढ्याशा फरकानं गाडी चुकते. असे बरेच मॉनिटर एचडीएमआयवर १४४ ला थांबतात आणि डिस्प्लेपोर्टच्या वायरीवर पूर्ण १६५ देतात, ते यामुळे. डिस्प्लेपोर्ट १.४ मध्ये चित्रासाठी जवळजवळ २६ गिगाबिट मिळतात. फोर-के १४४ ला २८.७ लागतात, म्हणजे तिथं तीही अपुरी. मग चित्र दाबून पाठवायचं डीएससी नावाचं तंत्र किंवा एचडीएमआय २.१ वापरावं लागतं.

म्हणून पेटीत आलेली वायरच वापरावी. सेट-टॉप बॉक्सची काढून ठेवलेली वायर "चालते की" म्हणून लावणं हा आपल्या काटकसरीचा नको तिथे झालेला उपयोग. व्हीजीएचा कनव्हर्टर लावणाऱ्यानं तर १६५ ची आशाच सोडावी.

चौकट: पैसे खर्च करण्याआधी
आधी विंडोजमधला रिफ्रेश रेट पाहा. मग वायर कार्डाच्या जागेत आहे ना, ते. मग वायर कोणती आहे आणि मॉनिटरच्या कोणत्या जागेत लावली आहे, ते; मॉनिटरच्या पुस्तिकेत प्रत्येक जागेची मर्यादा छापलेली असते. गेमच्या आतही एफपीएसवर मर्यादा घातलेली असू शकते, ती उघडून बघा. शेवटी रिझोल्यूशन उतरवून पाहा. एवढं झाल्यावरच कार्ड की प्रोसेसर हा प्रश्न विचारायचा.

फाटलेलं चित्र आणि काळी-पिवळी

पडदा एकदम रंगत नाही. वरच्या ओळीपासून खालपर्यंत, एकेक ओळ करत चित्र उतरतं. ते अर्ध्यावर आलेलं असताना कार्डानं नवी फ्रेम पुढे केली, तर वरचा अर्धा भाग जुना आणि खालचा नवा दिसतो. खांबासमोरून झपकन वळलात तर तो मधोमध तुटलेला दिसतो. याला टेअरिंग म्हणतात.

त्यावरचा जुना उपाय व्ही-सिंक. गाडी फलाटाला लागल्याशिवाय प्रवाशाला चढूच द्यायचं नाही. चित्र फाटायचं थांबतं, पण ६० हर्ट्झच्या मॉनिटरवर फ्रेम १६.७ ऐवजी १७ मिलिसेकंदांत तयार झाली तर तिची गाडी हुकते आणि ती थेट ३३.३ ला दिसते. सारखं असं होऊ लागलं तर ६० चे एकदम ३० होतात. माउस हलवल्यापासून चित्र हलेपर्यंतचा उशीरही वाढतो.

नवा उपाय म्हणजे वेळापत्रकच मोडीत काढणं. एसटी सोडून काळी-पिवळीत बसायचं: प्रवासी आला की गाडी निघाली. मॉनिटर फ्रेमची वाट पाहतो आणि ती आली की त्या क्षणी पडदा रंगवतो. एनव्हिडियानं २०१३ मध्ये जी-सिंक आणलं, त्यासाठी मॉनिटरमध्ये वेगळं सर्किट लागायचं. २०१४ मध्ये असंच तंत्र ॲडॅप्टिव्ह सिंक या नावानं डिस्प्लेपोर्टच्या मानकात आलं, २०१५ मध्ये एएमडीच्या फ्रीसिंकचे मॉनिटर बाजारात आले आणि २०१९ पासून एनव्हिडियाची कार्डंही तसल्या मॉनिटरवर चालू लागली. त्यामुळे आज मध्यम किमतीच्या मॉनिटरलाही ही सोय मिळते. फक्त ती मॉनिटरच्या मेन्यूत आणि ड्रायव्हरमध्ये, दोन्हीकडे चालू करावी लागते.

काळी-पिवळीलाही मर्यादा असतेच. समजा मॉनिटरची कक्षा ४८ ते १६५ आहे. कार्ड १६५ च्या वर गेलं की ही सोय सुटते आणि चित्र पुन्हा फाटू लागतं. म्हणून एफपीएस १६० च्या आसपास बांधून ठेवतात. एवढं जोरदार कार्ड घेऊन त्याला लगाम कशाला, असं वाटेल. पण त्याचा खरा फायदा मे महिन्यात कळतो.

खानदेशातला मे

या भागावर कंपन्यांच्या जाहिराती गप्प असतात. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ च्या पुढे जातो. गच्चीखालच्या, दिवसभर स्लॅब तापलेल्या खोलीत दुपारी ४२ अंश असणं यात काही नवल नाही. ग्राफिक्स कार्डाचा पंखा थंडी तयार करत नाही, तो खोलीतलीच हवा कार्डावरून फिरवतो. किती उष्णता बाहेर पडेल हे चिप आणि हवा यांच्या तापमानातल्या फरकावर ठरतं.

समजा कार्डाची चिप ८३ अंशांवर धरून ठेवायची आहे. जानेवारीच्या सकाळी खोली २० अंशांवर असेल तर फरक ६३ चा. मेच्या दुपारी ४२ असेल तर फरक उरतो ४१ चा. पंखा त्याच वेगानं फिरत असेल तर बाहेर पडणारी उष्णता जवळपास एक तृतीयांश घटते. कार्ड आधी पंखे वाढवतं; अख्ख्या घराला ऐकू जाईल इतके. तेही पुरेनासे झाले की स्वतःचा वेग उतरवतं, आणि एफपीएस पडतात. हिवाळ्यात सुरळीत चालणारी गेम मेमध्ये अडखळते ती यामुळे. तेव्हा विंडोज पुन्हा टाकून काही होत नाही.

एफपीएस बांधून ठेवलं की न दिसणाऱ्या फ्रेम बनवण्यात जाणारी वीज वाचते, म्हणजे तेवढी उष्णता तयारच होत नाही. कार्डाची वीजमर्यादा थोडी खाली आणली तर एफपीएस किंचित उतरतात, पण तापमान आणि आवाज बरेच जास्त उतरतात. मेपुरता हा सौदा परवडतो.

कूलरचं काय? कोरड्या उन्हाळ्यात कूलरनं खोली चांगली निवते, त्यामुळे कार्डालाही बरं वाटतं. पण कूलरचं तोंड थेट कॅबिनेटकडे नको. टाकीत बोअरचं पाणी असेल तर कूलरच्या जाळीवर पांढरे थर जमतात ते आपण पाहतोच. वाऱ्याबरोबर उडणाऱ्या बारीक थेंबांतून तेच क्षार बोर्डावर जाऊन बसतात. कॅबिनेट वाऱ्याच्या झोतातून बाजूला, भिंतीपासून वीतभर पुढे ठेवावं.

आणि धूळ. काळ्या मातीची बारीक धूळ, त्यात जिनिंगच्या हंगामात कापसाचे तंतू. दोन्ही मिळून कार्डाच्या पत्र्यांच्या फटींत नमद्यासारखा थर धरतात. ब्लोअरनं तो उडवताना पंख्याचं पातं बोटानं धरून ठेवावं, मोकळं सोडलं तर ते ब्लोअरच्या वाऱ्यानं भलत्या वेगानं फिरतं आणि बेअरिंग जातं.

वीज गेली तर? बाजारातल्या ६०० व्हीए यूपीएसवर साधारण ३६० वॉट मिळतात. ११५ वॉटचं कार्ड, प्रोसेसर आणि मॉनिटर मिळून त्यात बसतात आणि गेम बंद करायला काही मिनिटं हाताशी राहतात. तीनशे वॉटच्या कार्डाला तो यूपीएस पुरणार नाही. वीज जाताच दोघेही एकदम बंद.

डोळ्याला काय मिळतं

६० वरून १२० ला गेलं की प्रत्येक चित्रामागे ८.३ मिलिसेकंद वाचतात. १२० वरून २४० ला गेलं की ४.२. २४० वरून ४८० ला फक्त २.१. पैसे मात्र उलट्या दिशेनं वाढत जातात.

वाचलेला वेळ दिसतो तो धूसरपणात. डोळा हलणाऱ्या वस्तूचा सलग पाठलाग करतो, पण पडद्यावरची वस्तू पुढचं चित्र येईपर्यंत जागीच उभी असते. त्यामुळे ती डोळ्यात फासली जाते. सेकंदाला ९६० पिक्सेल वेगानं पळणारं पात्र ६० हर्ट्झवर १६ पिक्सेल फासलेलं दिसतं, १२० वर ८, २४० वर ४. अर्थात पिक्सेलनं रंगही तेवढ्या लवकर बदलायला हवा. स्वस्त व्हीए पॅनलमध्ये गडद रंग बदलायला वेळ लागतो आणि वस्तूमागे काळपट शेपूट राहते. पेटीवरचा '१ मिलिसेकंद' हा सगळ्यात अनुकूल परिस्थितीत मोजलेला असतो; त्यावर मी तरी पैसे लावणार नाही. ओलेड पडद्यांवर हा प्रश्न जवळजवळ उरत नाही, पण किंमत वेगळी बोलते.

अलीकडे कार्डंच मधल्या फ्रेम कल्पनेनं भरतात. एनव्हिडियानं हे फ्रेम जनरेशन २०२२ मध्ये आरटीएक्स ४० मालिकेत आणलं. दोन खऱ्या फ्रेमच्या मध्ये एक बनवलेली बसवली की ६० चे जवळपास १२० दिसतात. पण माउसची हालचाल खऱ्या फ्रेममध्येच उतरते, आणि मधली फ्रेम बनवायला पुढची खरी फ्रेम थोडी रोखून धरावी लागते. चित्र मऊ होतं, हात चपळ होत नाही. निवांत फिरायच्या गेमला ते ठीक. नेमबाजीत ३० खऱ्या फ्रेमवर हा मुलामा चढवून उपयोग नाही.

माझं मत विचाराल तर फुल एचडी, १४४ ते १८० हर्ट्झ, ॲडॅप्टिव्ह सिंक असलेला मॉनिटर आणि मधल्या फळीतलं कार्ड एवढ्यावर बहुतेक घरांचं भागतं. २४० च्या वर जायचं ते स्पर्धा खेळणाऱ्यानं. मॉनिटर घेताना दुकानातच तो मशिनला जोडून मागा. रिकाम्या डेस्कटॉपवर माउसचा बाण जोरात गोल फिरवा. ६० वर बाण सुटे सुटे, दूर दूर पडलेले दिसतात. मग सेटिंगमध्ये १६५ करून तसाच फिरवा, बाण जवळपास तिप्पट दाट पडतात. दाट झाले नाहीत तर दुकानदाराला आधी वायर बदलायला सांगा.